समितीतील रिकामी खुर्ची
(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



या शाळेतून बाहेर पडून मी आज लखनौच्या दक्षिणेस, रायबरेली रस्त्यावरील तेलीबाग या वस्तीत राहते. माझा मुलगा तेथील परिषदीय प्राथमिक शाळेत, म्हणजे सरकारी शाळेत, शिकतो. त्या शाळेच्या विद्यालय प्रबंध समितीवर पालक-सदस्य म्हणून निवडून जाण्याची माझी इच्छा आहे. त्यामागील भूमिका आपल्यापुढे मांडावी, म्हणून उभी आहे.

विद्या सर्वांची, हा आग्रह आपल्या मातीत जुना आहे. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फेटाळले गेले. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला. लखनौतही पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि घराण्यांत जपलेली विद्या वर्गात आली. देशातील प्रत्येक बालकाला मात्र शिक्षणाचा कायदेशीर हक्क मिळाला तो २००९ च्या कायद्याने, १ एप्रिल २०१० पासून.

या कायद्याच्या कलम २१ ने सरकारी शाळेच्या कारभारात पालकांना स्थान दिले. समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, अनुदानाचा विनियोग पाहणे आणि शाळा विकास आराखडा तयार करणे ही समितीची कामे. पुढील अनुदानाचा आधार हाच आराखडा असतो. म्हणजे स्वच्छतागृहाचे मोडलेले दार आराखड्यात लिहिले गेले नाही, तर त्यासाठी पैसा मागायचा तरी कशाच्या आधारावर?

अडचण कायद्यात नाही, रिकाम्या खुर्चीत आहे. ज्यांना प्रश्न विचारता येतात, त्यांनी आपली मुले खासगी शाळांत नेली. जे उरले, त्यांची सकाळी अकराची बैठक म्हणजे बुडालेली रोजंदारी. मग नोंदवही घरोघर फिरते, सह्या गोळा होतात आणि बैठक कागदावर पार पडते. अंगठा उठवणाऱ्या माउलीला आपण कशाला संमती दिली, हे कोणी सांगत नाही.

म्हणून माझे म्हणणे तीन गोष्टींत आहे. पहिली, बैठक पालकांच्या सोयीने, रविवारी किंवा संध्याकाळी व्हावी आणि सही करण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावा. दुसरी, किती अनुदान आले व कशावर खर्च झाले, हे शाळेच्या भिंतीवर सर्वांना दिसेल असे लिहावे. तिसरी, प्रत्येक बैठकीत एकच प्रश्न अग्रभागी असावा : तिसरीतील किती मुलांना समजून वाचता येते? २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्टही तेच आहे. रंगवलेल्या भिंती चांगल्याच. पण त्यांवरील अक्षरे मुलाला वाचता आली पाहिजेत.

शिक्षकांना धारेवर धरणे हा माझा हेतू नाही. जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कलम २७ सांगते. प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाणही कायद्याचेच. शिक्षक कमी पडत असतील, तर मुख्याध्यापकांच्या अर्जासोबत पालकांचा ठराव जायला हवा. एकट्या मुख्याध्यापकांचा कागद फायलीत पडून राहू शकतो. शंभर पालकांचा ठराव तसा बाजूला सारणे कठीण असते.

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज सरकारी शाळेत नसतील. तरीही शेजारच्या शाळेतील पालकांना आराखडा समजावून सांगणे, हिशेब वाचायला मदत करणे, त्यांच्या मुलांना आठवड्यातून एक तास पुस्तक वाचून दाखवणे, हे कोणालाही करता येते. अनुदानित शाळांत समितीची भूमिका सल्लागाराची असली, तरी तेथेही जागरूक पालकाचा शब्द वाया जात नाही.

ज्या शाळेने साठ वर्षे आपल्यासारख्यांना घडवले, तिला वर्गणीपलीकडची कृतज्ञता हवी असेल, तर ती हीच : आपण जेथे राहतो, तेथील शाळेची खुर्ची रिकामी राहू देऊ नये. निवड होवो वा न होवो, तेलीबागच्या त्या बैठकीला मी उपस्थित राहीनच.