मोझरीची गर्दी आणि अल्ट्रा-वाइड लेन्स

आजचा विषय अल्ट्रा-वाइड लेन्स. म्हणजे फुल फ्रेम कॅमेऱ्यावरची १४ किंवा १६ मिलिमीटरची लेन्स, नाहीतर तुमच्या फोनमधलं ०.५ चं बटण. आणि उदाहरण आपल्या जवळचंच, गुरुकुंज मोझरीचं.

तुकडोजी महाराजांनी १९३५ साली हा आश्रम उभा केला. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. दरवर्षी पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी इथं मौन श्रद्धांजली होते. लाखो माणसं, भगव्या टोप्या, आणि आवाज म्हणून नाही. हा फोटो प्रत्येकालाच पाहिजे असतो.

आता होतं काय, की आपण म्हणतो, गर्दी मोठी आहे, तर सगळी मावली पाहिजे. लावा वाइड! ५० मिलिमीटरची लेन्स साधारण ४६ अंशांचं पाहते, १६ ची १०७ अंशांचं. मावतं सगळं, पण दूरची माणसं मुंग्यांएवढी होतात. अर्धा फोटो आभाळ, अर्धा सतरंजी. लाख माणसं होती हे कळतच नाही.

वाइड लेन्स जवळचं मोठं करते आणि दूरचं बारीक. म्हणून आधी ठरवा, जवळ काय ठेवायचं? जोडलेले दोन हात, मांडीवरची टोपी, एखादी खंजिरी. खाली बसा, तीन-चार फुटांवर या. मागं गर्दी आपोआप रांगेनं दूर जाताना दिसते. फोकसची चिंता नको. १४ मिलिमीटरला ८ चं अॅपर्चर ठेवून ८० सेंटीमीटरवर फोकस केला, तर ४० सेंटीमीटरपासून पार क्षितिजापर्यंत बऱ्यापैकी स्पष्ट येतं.

एक आजी मला नातवाच्या फोनमधला फोटो दाखवून म्हणाल्या, "बाप्पा, माह्यं तोंड असं लांबट कावून दिसते?" त्या फोटोच्या अगदी कडेला होत्या. वाइड लेन्स कडेचं ओढून ताणते. ग्रुप फोटोत म्हातारी माणसं आणि लेकरं मधात घ्या, कडेला झाड नाहीतर खांब येऊ द्या. वर्षातून एकदा आलेल्या माणसाचा तोच एक फोटो घरी राहतो, तो बेढब नको.

त्या वेळी ऊन उतरतं असतं. सूर्य पाठीशी घेतला की तुमचीच सावली फ्रेममध्ये येते. थोडं आडवं व्हा. प्रार्थना मंदिराचा फोटो घेताना कॅमेरा वर करू नका, इमारत मागं पडल्यासारखी दिसते. कॅमेरा सरळ धरा आणि मागं सरका.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. वाइड लेन्सला जवळ जावंच लागतं, आणि मौनात कोणाच्या तोंडासमोर जाणं बरं नाही. अर्धा तास आधी जाऊन बसा, शेजारच्यांशी बोला, "फोटो काढू का, काका?" म्हणून विचारा. शटरचा आवाज बंद करा. ४.५८ ला जागेवरून हलू नका. जमला तर एक फोटो, नाही जमला तर तुम्हीही हात जोडा.