उन्हाळ्यात लॅब, अर्ज हिवाळ्यात

चौसाळ्यातनं बीडला कॉलेजला जाणाऱ्या एकीचा प्रश्न आलाय, ‘दादा, बीएस्सीवाल्यांना नॅनोच्या लॅबमध्ये कोण घेतं?’

घेतात की! बंगळुरू, दिल्ली, प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी फेलोशिप देतात. दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर विद्यावेतन आणि रेल्वेभाडं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरची फेलोशिप वेगळी. १९८९ पासूनची संस्था, मटेरियल सायन्स म्हणजे तिचं घरचंच काम.

गोम एकच. मे महिन्यातल्या लॅबचा अर्ज हिवाळ्यातच भरायचा. आपल्याकडं परीक्षा संपल्यावर शोधाशोध सुरू होते, तोवर गाडी गेलेली असते. सरांचं शिफारसपत्रही लागतं. सर ओळखत नाहीत? मग आत्तापासून प्रॅक्टिकलनंतर थांबून दोन प्रश्न विचारत जा. आणि काय शिकायचंय ते स्वतःच्या शब्दांत लिहा, कॉपी-पेस्ट लगेच कळतं.