इमारत पुरी झाल्यावर

इमारत बांधून झाली कीं कंत्राटदाराचा हिशेब मिटतो; ती राहणाऱ्याला मानवली कीं नाहीं, हें पुढें कोणी विचारीत नाहीं. मुंबईच्या बी. डी. डी. चाळींचेंच पाहा. १९२० नंतर सरकारनें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उठविल्या. खोली १६० चौरस फुटांची, काँक्रीट भक्कम. आणि तरीहि आरंभीं वरळीच्या पुष्कळ खोल्या ओस राहिल्या! गिरणी दूर, बाजार दूर. नुसत्या भिंती घेऊन कामगारानें काय करावें?

पुढें माणसें आलीं, आणि नकाशांत केवळ जाण्यायेण्यासाठीं असलेल्या मधल्या बोळाचें त्यांनीं अंगण केलें. तेथें मुलें अभ्यास करीत, उन्हाळ्यांत पुरुषमंडळी निजत. हा उपयोग कोणा अभियंत्यानें योजिला असेल, असें मला वाटत नाहीं.

२०२५ च्या ऑगस्टांत वरळीच्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. जागा तिपटीनें वाढली, हें उत्तमच. परंतु दोन पावसाळे गेल्यावर कोणी तरी वही घेऊन तेथें जावें. लिफ्ट बंद पडली म्हणजे आजीबाई काय करतात, देखभालीचा खर्च पेलतो का, शेजारची कडी कोणी वाजवितें का, हें घरोघर विचारावें. आणि ती वही पुढच्या इमारतीचा नकाशा काढणाऱ्याच्या मेजावर नेऊन ठेवावी.