पदवीनंतरचा पहिला कागद



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे थोडेबहुत शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके उलटीत आणि वकिलांची भाषणे ऐकत. तेव्हा पदवीधरांना नोकरीविषयी आम्ही काही सांगावे हे कोणाला विपरीत वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आमच्या कचेरीत येणाऱ्या माणसांचा चेहराच पालटला आहे. पूर्वी येत ते चौथी-सातवी शिकलेले फिटर, लोडर, हेल्पर. आता बाकावर बसलेले असतात ते बी. एस्सी., बी. कॉम., बी. ई. झालेले बावीस-तेवीस वर्षांचे मुलगे आणि मुली. खिशात घडी घातलेला एक कागद असतो. कित्येकदा तोही नसतो, मोबाइलवर त्याचा फोटो असतो. आणि पहिले वाक्य ठरलेले: “साहेब, आम्ही तसे कामगार नाही, पण...”

त्या ‘पण’विषयीच आज बोलायचे आहे.

एक मुलगी आमच्याकडे आली. रसायनशास्त्राची पदवीधर, औषधांच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे काम केलेली. कागदावर तिचे नाव होते ‘ट्रेनी’. काम मात्र तिन्ही पाळ्यांत, शेजारच्या कायम केमिस्टइतकेच. दोन वर्षे पुरी होताच तिला सांगण्यात आले की तुमचे प्रशिक्षण संपले. शिकवले कोणी, असे आम्ही विचारले. ती हसली आणि म्हणाली, “नवीन आलेल्यांना मीच शिकवत होते.”

येथे कायदा काय म्हणतो ते नीट पाहिले पाहिजे. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. अभियांत्रिकी पदवीधरांना त्यात १९७३ च्या दुरुस्तीने आणले गेले. त्या कायद्याखाली रीतसर करार होऊन तो नोंदला गेला असेल, तर उमेदवार हा शिकणारा समजला जातो, कामगार नव्हे. त्याला विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांत पदवीधरासाठी ते महिना किमान ९,००० रुपये ठरवले होते. मुदत ठरलेली असते, शेवटी प्रमाणपत्र मिळते. ही चांगली सोय आहे आणि पुष्कळांना तिचा उपयोग झाला आहे. तिच्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती नोंद न करता नुसता ‘ट्रेनी’ हा शब्द छापण्याविषयी. असा शब्द छापल्याने माणूस शिकाऊ ठरत नाही; वाद झाला तर तो प्रत्यक्ष कोणते काम करीत होता हे पाहिले जाते. परंतु ते सिद्ध करावे लागते! त्या मुलीच्या हाती पुरावा काय होता? बँकेचे पासबुक, आणि पाळी बदलल्याचे मोबाइलवर आलेले निरोप. त्या निरोपांवर तिचे प्रकरण उभे आहे. ते अजून मिटलेले नाही.

दुसरा लाडका शब्द ‘सुपरवायझर’. इंजिनीअर मुलाला तो फार गोड लागतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत, देखरेखीचे काम करणारा आणि महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारा मनुष्य कामगाराच्या व्याख्येबाहेर जातो. जुन्या १९४७ च्या कायद्यातही ही वजावट होती, फक्त आकडा निराळा. म्हणजे तो गोड शब्द तुम्हाला कामगार न्यायालयाच्या दाराबाहेर उभे करू शकतो. तेथेही पदनामापेक्षा काम मोठे, असेच न्यायालये मानीत आली आहेत. पण ज्याच्या हाताखाली एकही माणूस नाही, त्याने कशावर देखरेख केली हे सांगत वर्षानुवर्षे खेटे का घालावेत?

आता पगार. लग्नाच्या मांडवात हल्ली पॅकेजचा आकडा सांगतात. तो वर्षाचा असतो, आणि त्यात मालकाने भरावयाचा प्रॉव्हिडंट फंड असतो, कायम नोकराला सामान्यतः पाच वर्षे भरल्याशिवाय न मिळणारी ग्रॅच्युइटीही असते. त्याला बाराने भागून घराचे हप्ते ठरवू नका एवढेच सांगतो.

श्रोत्यांत वडीलधारी मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांच्या तरुणपणी ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घातले का?’ हा घरोघरचा प्रश्न होता. १९५९ च्या कायद्याने मालकांवर रिकाम्या जागा कळवण्याची सक्ती केली, पण तिथल्याच यादीतून माणूस घेण्याची सक्ती केली नाही. कार्डाचे नूतनीकरण करता करता केस पांढरे झालेले लोक आम्ही पाहिले आहेत. त्या वाट पाहण्याचे भय घराघरांत मुरले आहे, आणि म्हणूनच आईबाप मुलांना सांगतात, “मिळते आहे ना, मुकाट्याने सही कर.”

सही कशावर करायची? कागदाच्या माथ्यावर नाव कोणाचे, हे आधी पाहावे. मुलाखत कंपनीच्या केबिनमध्ये होते, पत्र कंत्राटदाराचे येते, आणि मुलगा गावभर कंपनीचे नाव सांगतो. पत्रच देत नसतील तर मागून घ्यावे. नव्या संहितांप्रमाणे नेमणुकीचे पत्र देणे मालकावर बंधनकारक झाले आहे. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्या कपाटात ठेवू नयेत, प्रती द्याव्यात. बाँड असेल तर तो पोकळ धमकी समजू नका. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ साली वैध ठरवली. प्रत्येक मालकाचा प्रत्येक बाँड टिकेल असा त्याचा अर्थ नव्हे. पण न वाचता सही केली ही सबब तेथे चालत नाही.

मागे एक गृहस्थ कचेरीत येऊन आमच्यावर चांगलेच तापले. मुलाने पत्रावर सही करण्यास दोन दिवस मागितले होते आणि हे खूळ आम्ही त्याच्या डोक्यात भरवले असा त्यांचा आरोप होता. आम्ही म्हटले, पत्र आणले आहे ना, तर मोठ्याने वाचा. ते वाचू लागले. नोकराने नोकरी सोडताना तीन महिन्यांची नोटीस द्यावी. पुढच्याच ओळीत, कंपनी केव्हाही, कारण न देता, नेमणूक संपवू शकेल. ती ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग चष्मा काढला आणि विचारले, “सोमवारपर्यंत मुदत मिळेल का हो?”