मुलाचा प्रश्न



जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेने १९९७ पासून ३ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी जो शिक्षणक्रम चालविला आहे, त्यात पाठाचा आरंभ प्रश्नाने होतो. ‘पाणी कोठून येते?’ असे मुलाने विचारताच गुरुजी उत्तर सांगून टाकीत नाहीत; मूल विहीर पाहते, पाऊस मोजते, मग बोलते. मी मात्र असे कित्येक प्रश्न ‘गप्प बैस’ म्हणून मिटविले, याची आज खंत वाटते.

या आंतरराष्ट्रीय शाळांचे शुल्क आपणांपैकी बहुतेकांस झेपणारे नाही. परंतु ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीस खडे, पाने, शिंपले घेऊनच गरिबांची मुले शिकविली. तेव्हा कर्ज काढण्यापूर्वी मुलाचा प्रश्न घरी ऐकून घ्यावा, एवढीच विनंती.