रक्ताची नळी आणि गाठीचा तुकडा

१८८६ साली सुरू झालेलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि १९४१ सालचं टाटा स्मारक रुग्णालय, दोन्ही परळमधलीच. कुत्रीच्या आणि बाईच्या स्तनातल्या गाठींचा विचार एका मांडवात व्हायला याहून सोयीची जागा कुठली? नसबंदी न झालेल्या कुत्रीत सर्वाधिक आढळणारी गाठ स्तनाचीच, आणि ढोबळमानाने त्यांतल्या निम्म्या घातक निघतात.

या गाठींमागच्या जनुकांबद्दल बोलताना दोन गोष्टींची सरमिसळ होते. ती टाळावी, एवढंच मला आज मांडायचं आहे. काही बदल पिल्लू आईबापांकडून घेऊन येतं आणि ते अंगातल्या प्रत्येक पेशीत असतात. काही बदल पुढे एखाद्या पेशीत घडतात आणि गाठीपुरतेच राहतात. स्वीडनमधल्या इंग्लिश स्प्रिंगर स्पॅनियल जातीवरचा २००९ चा अभ्यास पहिल्या प्रकारचा. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांतल्या ठरावीक फरकांशी सुमारे चौपट धोका जोडलेला दिसला. कोरियातून २०२० साली आलेलं काम दुसऱ्या प्रकारचं. तिथे गाठींत पीआयके३सीए हे जनुक वारंवार बिघडलेलं सापडलं. त्यातला प्रथिनाच्या १०४७ व्या जागी हिस्टिडिन जाऊन आर्जिनिन येण्याचा बदल तर स्त्रियांच्या गाठींतही हमखास भेटणारा. पहिली माहिती पैदाशीच्या कामाची, दुसरी औषध शोधण्याच्या. गाठीचा रिपोर्ट पुढे करून अख्खी वंशावळ बाद करणं हा त्या कुत्र्यांवर निव्वळ अन्याय आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की वेळेवर नसबंदी केली तर जनुकांच्या मागे लागायचं कारणच काय? १९६९ च्या अमेरिकन अभ्यासातले आकडे सर्वांना पाठ आहेत: पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर धोका नसबंदी न झालेल्या कुत्रीच्या अर्ध्या टक्क्यावर, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६. मात्र २०१२ च्या पद्धतशीर आढाव्याला या विषयावरचा एकूण पुरावाच कमकुवत वाटला. आकडे खरे धरले तरी आक्षेप टिकत नाही, कारण संप्रेरक आणि जनुक हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी नव्हेत. कुत्री गाभण राहो न राहो, प्रत्येक माजानंतर सुमारे दोन महिने तिचं प्रोजेस्टेरॉन चढलेलं असतं. त्याच्या प्रभावाखाली स्तनग्रंथी स्वतःच वाढीचं संप्रेरक तयार करते. पेशी विभागत राहतात, आणि डीएनएचे तुटलेले धागे सांधायला बीआरसीए-२ लागतं. वाढीचा रेटा एकाचा, दुरुस्तीतली कसर दुसऱ्याची. शिवाय स्वीडनमध्ये सरसकट नसबंदीची पद्धत नव्हती, म्हणून तर जातीजातींमधला फरक तिथे उठून दिसला.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे. स्प्रिंगरचा आकडा आपल्या गावठी कुत्रीला लावता येत नाही. बंदिस्त पैदाशीमुळे जे जनुक एका जातीत चटकन सापडतं, त्याचं वजन मिश्र रक्ताच्या जनावरात किती, हे मोजल्याशिवाय बोलू नये. मोजायचं तर गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकतानाच त्याच कुत्रीच्या रक्ताची एक ईडीटीए नळी गोठवून ठेवावी लागेल. बदल जन्माचा की गाठीचा, हे त्या जोडीशिवाय ठरत नाही. आणि केसपेपरवर नसबंदीचं वय लिहावं, नुसतं 'झाली' नको.