जनुकीय म्हणजे आनुवंशिक नव्हे
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेले भाषण)



मी पेशीविज्ञानाचा अभ्यासक. नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर येऊन इथेच रमलेल्या आपल्या मंडळींत मला एक प्रश्न वरचेवर, तोही बाजूला घेऊन, विचारला जातो. "मुलीच्या वडिलांना रक्ताचा कर्करोग आहे म्हणे. तो जीन्सचा आजार ना? मग स्थळ पुढे न्यावे का?" या भीतीपायी घरोघरी आजार लपवला जातो, औषधसुद्धा चोरून घेतले जाते. म्हणून आज एकाच आजाराची गोष्ट सांगतो. त्याचे नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सीएमएल. यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, म्हणजे २३ जोड्या. ही ४६ ग्रंथांची कपाटे समजा. जनुके म्हणजे त्यांतील मजकूर. पेशी दुभंगताना या सगळ्या ग्रंथांची नक्कल होते आणि एखादे वेळी त्यात चूक राहते.

१९६० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा लहान दिसले. त्याला त्या शहराचेच नाव मिळाले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी उलगडा केला की, ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांनी आपले तुकडे एकमेकांना दिले आहेत. बायंडरने दोन ग्रंथांची शेवटची पाने उलटसुलट बांधावीत, तसे! जिथे हा सांधा जुळला, तिथे बीसीआर आणि एबीएल ही दोन जनुके एकत्र आली आणि त्यांच्यापासून एक विचित्र प्रथिन तयार होऊ लागले. दारावरच्या घंटेचे बटण आत अडकले की ती वाजतच राहते. तसे हे प्रथिन पेशीला "वाढ, वाढ" असा हुकूम देत सुटते.

आता मुद्द्याची गोष्ट. ही अदलाबदल जन्मानंतर, अस्थिमज्जेतील रक्त तयार करणाऱ्या एका पेशीत होते. ती आईवडिलांकडून आलेली नसते आणि मुलांकडे जात नाही. बिघाड जनुकांतच आहे, पण तो वारसा नाही. त्या वडिलांच्या आजारावरून मुलीचे स्थळ नाकारायला विज्ञानात काडीचाही आधार नाही.

मग कुठलाच कर्करोग आनुवंशिक नसतो का? असतो, एकूण कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्के. बीआरसीए जनुकांतील दोषामुळे स्तनाच्या व बीजांडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पण तिथेही वारशाने येतो तो धोका, आजार नव्हे. जवळच्या नात्यात असे आजार तरुण वयात झाले असतील, तर तज्ज्ञांचा सल्ला घेऊन वेळेवर तपासण्या करता येतात. घरात लपवाछपवी असेल, तर पुढच्या पिढीची ही संधीच जाते.

अडकलेले बटण सापडल्यामुळे सीएमएलवर नेमका उपाय शोधता आला. त्या प्रथिनाची कामाची खाच अडवणारे इमॅटिनिब हे औषध २००१ साली अमेरिकेत मंजूर झाले. रोज गोळी घ्यायची, बस्स. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा भारतातील महिन्याचा खर्च लाखाच्या वर सांगितला जाई. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या औषधाच्या नव्या रूपाचे पेटंट नाकारले आणि आपल्याकडे तयार होणाऱ्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. आज नियमित औषध घेणारे आणि त्याला चांगला प्रतिसाद देणारे बहुतेक रुग्ण जवळजवळ सर्वसामान्यांइतके आयुष्य जगतात. एका औषधाने भागले नाही, तर पुढची औषधेही आहेत.

पण अट एकच, गोळी चुकवायची नाही. काही रुग्णांना ती पुढे थांबवता येते, मात्र ते तपासण्या पाहून डॉक्टरांनी ठरवायचे. पाहुण्यांसमोर डबी दिसू नये म्हणून गोळी टाळणे म्हणजे हातातला उपाय घालवणे.

आपण परगावी एकमेकांच्या आधाराने राहतो. तो आधार आजारपणातही मिळो. कुणाच्या घरात ही डबी दिसली, तर कुजबुज न करता एवढेच विचारा, "आजची गोळी घेतलीत ना?"